लाइट गेल्यावर इंटरनेट आणि फोन चालू ठेवण्यासाठी यूपीएस केवढा घ्यावा?

वळवाचे दिवस आले की मंडळाच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो: “लाइट गेली की इंटरनेट बंद पडते, त्याला केवढा यूपीएस घ्यावा?” दुकानात ६०० व्हीए घ्या, हजार व्हीए घ्या असे आकडे कानावर पडतात. बहुतेक सभासद मोठा आकडा घेऊन घरी येतात, कारण मोठा म्हणजे जास्त वेळ चालणार अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत बरोबर नाही. कार्यकारिणीतल्या आम्ही काही जणांनी आपापल्या घरी आणि मंडळाच्या सभागृहात मोजमाप करून पाहिले. त्यातून जे कळले ते सभासदांच्या सोयीसाठी येथे देत आहोत.

हा उद्योग आम्ही का आरंभला, ते आधी सांगतो. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. शहापूर भागात वरच्या मजल्यावर आपल्या एक ज्येष्ठ सभासद काकू एकट्या राहतात. मुलगा पुण्यात. संध्याकाळी वळीव कोसळला, कुठेतरी झाड तारांवर पडले आणि लाइट गेली ती चार तास. मुलगा लँडलाइन लावतो तर लागत नाही, मोबाइल लावतो तर बंद. शेवटी रात्री साडेनऊला त्याचा फोन आमच्यापैकी एकाला आला. आम्ही दोघे टॉर्च घेऊन जिना चढून गेलो, तर काकू मेणबत्तीच्या उजेडात दहीभात खात बसलेल्या. “एवढ्या पावसात कशाला आलात?” असे त्यांनीच आम्हाला विचारले. मोबाइलचे चार्जिंग दुपारीच संपले होते आणि लँडलाइन लाइटबरोबरच गेली होती. काही झाले नव्हते हे खरे, पण मुलाचे ते दोन तास कसे गेले असतील ते त्यालाच ठाऊक.

पूर्वी असे होत नसे. तांब्याच्या तारेवरचा जुना टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटरीवर चालायचा. घरची लाइट असो वा नसो, रिसीव्हर उचलला की टोन यायचा. आता तीच लँडलाइन फायबरवर आली आहे. काचेच्या तंतूतून उजेड येतो, वीज येत नाही. त्यामुळे घरात जो फायबरचा डबा बसवलेला असतो, त्याला ओएनटी म्हणतात, तो घरच्या विजेवर चालतो आणि लाइटबरोबर मरतो. फोनही त्याच्याबरोबर जातो. ज्यांच्या घरी वयस्कर माणसे एकटी असतात त्यांनी हे नीट लक्षात घ्यावे. अनेकांना ते प्रत्यक्ष गरज पडेपर्यंत माहीतच नसते.

आधी एक खात्री करून घ्या

यूपीएस विकत घेण्यापूर्वी एक गोष्ट तपासायला हवी, ती म्हणजे लाइट गेल्यावर तुमच्या घरापर्यंत इंटरनेट येते तरी का. फायबर थेट तुमच्या घरातल्या डब्यापर्यंत येत असेल तर वाटेत खांबावर जे फाटे फोडलेले असतात त्यांना वीज लागत नाही. कंपनीच्या केंद्रात बॅटरी किंवा जनरेटर चालू असला म्हणजे झाले. पण काही ठिकाणी, विशेषतः अपार्टमेंटमध्ये, केबलवाल्याने फायबर फक्त जिन्याखालच्या पत्र्याच्या पेटीपर्यंत आणलेली असते. तिथे एक स्विच असतो आणि त्यातून निळ्या-करड्या लॅन वायरी प्रत्येक घरी जातात. त्या पेटीला बॅकअप नसेल तर तुम्ही घरात कितीही मोठा यूपीएस बसवा, उपयोग शून्य. आमच्या एका सभासदाने असा हजार व्हीएचा यूपीएस घेतला. राउटरचे दिवे छान लागतात, इंटरनेट मात्र नाही. नंतर सोसायटीतल्या सहा घरांनी वर्गणी काढून त्या पेटीतच छोटा बॅकअप बसवला, तेव्हा काम झाले.

खात्री करायची ती पूर्ण भागाची लाइट गेलेली असताना. घरातला एमसीबी पाडून तपासले तर काही कळत नाही, कारण तेव्हा बाकी सगळीकडे वीज असते. देखभाल-दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार असल्याची बातमी पेपरात आली की तो दिवस धरा. इन्व्हर्टर असलेल्या शेजाऱ्याकडून एक्स्टेन्शन बोर्डाने तेवढा फायबरचा डबा चालू करा आणि त्याचे दिवे पाहा. ‘पॉन’ नावाचा हिरवा दिवा स्थिर राहिला आणि ‘लॉस’चा लाल दिवा लागला नाही, तर बाहेरची लाइन जिवंत आहे. मग मोबाइलवर वायफाय जोडून एखादे पान उघडते का तेवढे पाहा.

दोन वेगळे आकडे

आता मुख्य मुद्दा. यूपीएसच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला व्हीएचा आकडा म्हणजे तो एका वेळी किती भार उचलू शकतो त्याची मर्यादा. किती वेळ उचलेल हे त्यात कुठेच नसते. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर व्हीए म्हणजे एटीएममधून एका वेळी काढता येणारी जास्तीत जास्त रक्कम. महिना निभेल की नाही हे मात्र खात्यातल्या शिल्लकीवर ठरते. यूपीएसमधली ती शिल्लक म्हणजे बॅटरी.

६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारणपणे ३६० वॅटपर्यंत भार घेतो. त्याच्या पोटात बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची एकच बॅटरी असते. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॅट-तास. ही झाली पासबुकातली शिल्लक. ती सगळी हातात येत नाही. डीसीची एसी करताना काही भाग जातो. शिवाय यूपीएस स्वतः चालू राहण्यासाठी दहा-पंधरा वॅट खातो, मग त्याला काही जोडलेले असो वा नसो. खात्यावर व्यवहार झाला नाही तरी कापले जाणारे चार्जेसच म्हणा. मोठ्या भारासमोर हे चार्जेस दिसत नाहीत. राउटरसारख्या आठ-दहा वॅटच्या गिऱ्हाइकाला मात्र ते मुद्दलापेक्षा जड होतात.

त्यातच गंमत अशी की राउटरला मिळते १२ व्होल्टची डीसी आणि बॅटरीही १२ व्होल्टची डीसी. यूपीएस त्या १२ व्होल्टचे २३० व्होल्ट करतो आणि राउटरचा अडॅप्टर २३० चे परत १२ करतो. दोन्हीकडे दलाली जाते. म्हणूनच बाजारात राउटरसाठी जो छोटा डीसी मिनी यूपीएस मिळतो, तो दिसायला पुस्तकाएवढा असला तरी काम भरपूर करतो.

हिशेब करून पाहू. मिनी यूपीएसमध्ये २००० मिलिअँपिअर-तासाचे तीन लिथियम सेल असले तर प्रत्येकी ३.७ व्होल्ट धरून होतात सुमारे २२ वॅट-तास. वाया जाणारे वजा करून १८-१९ उरतात. ८ वॅटचा राउटर त्यावर सव्वादोन तासांच्या आसपास चालतो. ८४ वॅट-तासाच्या मोठ्या यूपीएसवर तोच राउटर आमच्याकडे अडीच-तीन तास चालला, तोही बॅटरी नवी असताना. म्हणजे चौपट शिल्लक असून वेळेत जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचा फरक. व्हीए पाहून वस्तू घेऊ नये ते यासाठी.

काही यूपीएसमध्ये आणखी एक खोड असते. बॅटरीवर असताना भार फारच कमी दिसला तर कुणीच वापरत नाही असे समजून ते बॅटरी वाचवण्यासाठी आपोआप बंद होतात. संगणकासाठी ही सोय चांगली आहे, पण एकटा राउटर जोडला असेल तर पंधरा मिनिटांत अंधार. मोठा यूपीएस घेणारच असाल तर ही सोय बंद करता येते का ते दुकानदाराला विचारून घ्या.

वॅट मोजायचे कसे

राउटरच्या अडॅप्टरवर बारीक अक्षरात ‘आउटपुट’ लिहिलेले असते, उदाहरणार्थ १२ व्होल्ट १.५ अँपिअर. दोन्हींचा गुणाकार १८ वॅट. हा त्या अडॅप्टरचा जास्तीत जास्त आकडा आहे. प्रत्यक्षात राउटर त्याच्या साधारण निम्माच घेतो. आमची रीत अशी की यूपीएसची ताकद ठरवताना छापील आकडा पूर्ण धरायचा आणि वेळ ठरवताना निम्मा धरायचा. ज्यांना नेमकेपणा हवा त्यांच्यासाठी प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर मिळतो. मंडळाने तो घेतला आहे. त्यावर आमच्या घरांतले फायबरचे डबे ७ ते १० वॅटमध्ये निघाले.

घरात ओएनटी आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्ही धरा. राउटर चालू आणि फायबरचा डबा बंद असला तर काही उपयोग नाही. ही चूक फार सामान्य आहे, कारण डबा बहुधा दाराच्या वर कोपऱ्यात असतो आणि त्याचा विसर पडतो.

फोनबद्दल एक खास सूचना. फायबरच्या डब्याला मागे फोनचे भोक असते. त्यात साधा तारेचा फोन लावला तर त्याला वेगळी वीज लागत नाही, डबा चालू असला की फोन चालू. कॉर्डलेस फोनच्या तळाला मात्र स्वतःचा अडॅप्टर असतो. डब्याला बॅकअप दिला तरी तळाला वीज नसेल तर घंटा वाजणार नाही. म्हणून घरात जुना तारेचा फोन पडून असेल तर मोडीत देऊ नका. काकूंच्या घरी शेवटी आम्ही तेच केले: एक मिनी यूपीएस आणि माळ्यावरून काढलेला जुना तांबडा फोन.

मिनी यूपीएस घेताना

येथे चुकीला वाव आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पहिली गोष्ट व्होल्टेज. राउटर १२ व्होल्टचा असेल तर १२ चाच मिनी यूपीएस हवा. ९ व्होल्टचे आणि ५ व्होल्टचे राउटरही असतात. त्यांना १२ दिले तर राउटर जळू शकतो. दुसरी गोष्ट अँपिअर. राउटरच्या अडॅप्टरवर १.५ लिहिले असेल तर यूपीएस १.५ किंवा त्याहून जास्त देणारा हवा. जास्त असल्याने काही बिघडत नाही, राउटर लागेल तेवढेच घेतो. कमी असेल तर वायफायवर ताण आला की राउटर मध्येच रीस्टार्ट होत राहतो आणि आपण कंपनीला तक्रार करत बसतो. दोन वस्तू एका मिनी यूपीएसवर लावायच्या असतील तर दोघांचे अँपिअर मिळवा आणि यूपीएसवरची एकूण मर्यादा पाहा.

तिसरी गोष्ट पिन. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पिनांचे आतले भोक २.१ मिलिमीटर किंवा २.५ मिलिमीटर असते. चुकीची पिन एकतर बसत नाही किंवा ढिली बसते आणि हात लागला की राउटर बंद. पिनेच्या मधोमध अधिक आहे की उणे, हे अडॅप्टरवरच्या छोट्या गोल चित्रात दाखवलेले असते. तेही जुळले पाहिजे. सगळ्यात सोपे म्हणजे अडॅप्टरचा मोबाइलवर फोटो काढून दुकानात न्यावा.

चौथी गोष्ट, जाहिरातीतला मिलिअँपिअर-तासाचा मोठा आकडा. तो बहुतेक वेळा सगळ्या सेलची बेरीज करून ३.७ व्होल्टवर सांगितलेला असतो. १०,४०० असे छापले असेल तर १०.४ गुणिले ३.७, म्हणजे सुमारे ३८ वॅट-तास. तोच आकडा मनात ठेवा, आणि त्यातून पंधरा टक्के कमी करून राउटरच्या वॅटने भागा. उत्तर तासांत मिळते.

यूपीएससोबत मूळ अडॅप्टर वापरायचा असेल तर तो थोडा दणकट असावा, कारण त्याला राउटरही चालवायचा आणि सेलही भरायचे असतात. १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर येथे अपुरा पडतो, २ अँपिअरचा बरा. आणि हे लिथियम सेल आहेत, तेव्हा गादीखाली, कपड्यांच्या कपाटात किंवा देवघराच्या समईजवळ ठेवू नका. वॉरंटी आणि बिल मिळत नसेल अशी वस्तू स्वस्त असली तरी नको.

घरात इन्व्हर्टर असेल तर

आपल्याकडे पुष्कळ घरांत इन्व्हर्टर आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास, राउटरला ती रात्रभर पुरते. तरीही तक्रार येते की लाइट गेली की इंटरनेट तुटते. कारण बदलीचा वेळ. लाइट जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत जो क्षण जातो त्यात पंखा-दिव्याला काही कळत नाही, पण राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि त्याला पूर्ण शुद्धीवर यायला दोन ते पाच मिनिटे लागतात. नातवाची परीक्षा ऑनलाइन चालू असेल तर ती पाच मिनिटे फार मोठी.

अनेक इन्व्हर्टरच्या मागे किंवा बाजूला एक लहान बटण असते, त्यावर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असे काहीसे लिहिलेले असते. ते यूपीएसकडे केले की बदली साधारण १० मिलिसेकंदांत होते आणि बहुतेक राउटर टिकतात. मात्र त्या स्थितीत व्होल्टेज थोडे खाली आले तरी इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर जातो. खानापूरकडच्या खेड्यांत, जिथे व्होल्टेज वारंवार पडते, तिथे यामुळे बॅटरीची झीज होते. अशा घरी बटण नॉर्मलवरच ठेवून राउटरपाशी सर्वात छोटा मिनी यूपीएस लावणे शहाणपणाचे. त्याला फक्त तो क्षण सांभाळायचा असतो.

सभागृहाचा हिशेब

मंडळाच्या सभागृहात सहा कॅमेरे, त्यांचे रेकॉर्डिंग करणारा डबा, कॅमेऱ्यांना वायरीतूनच वीज देणारा पीओई स्विच आणि इंटरनेट अशी व्यवस्था आहे. दुकानदाराने २ केव्हीएचा यूपीएस सुचवला होता आणि आमच्यातल्या एका सदस्यांचाही तोच आग्रह होता. त्यांचे म्हणणे, उद्या आणखी कॅमेरे वाढले तर? आम्ही आधी मोजले. कॅमेरे दिवसा कमी घेतात, पण रात्री त्यांचे अंधारातले दिवे लागले की प्रत्येकी ८ वॅटपर्यंत जातात. सहांचे ४८. स्विचचे स्वतःचे ८, हार्ड डिस्कसह रेकॉर्डरचे १५, इंटरनेटचे १०. एकूण ८१ वॅट. ६०० व्हीएचा यूपीएससुद्धा हा भार हसत उचलतो. पण ७ अँपिअर-तासाची छोटी बॅटरी एवढ्या वेगाने रिकामी केली तर ती आपली पूर्ण क्षमताही देत नाही. ८१ वॅटवर वीस-पंचवीस मिनिटांत संपते. आम्हाला हवे होते किमान तीन तास.

मग लक्षात आले की सभागृहाचा इन्व्हर्टर रात्री रिकामाच असतो, कारण पंखे आणि ट्यूबलाइट बंद असतात. त्याची १५० अँपिअर-तासाची बॅटरी निम्मीच वापरायची ठरवली, म्हणजे तिचे आयुष्य टिकते, तरी सगळे नुकसान धरून हा भार आठ तास निघतो. कार्यक्रम चालू असताना पंखे असतात तेव्हा वेळ दोन तासांवर येतो, पण तेव्हा सभागृहात माणसेच असतात, कॅमेऱ्यांची एवढी गरज नसते. म्हणून कॅमेऱ्यांची लाइन इन्व्हर्टरवर घेतली, आणि रेकॉर्डरची हार्ड डिस्क अचानक बंद पडून खराब होऊ नये म्हणून मध्ये एक ६०० व्हीएचा यूपीएस ठेवला. हे चालते ते इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे म्हणून. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर काही यूपीएस ती वीज स्वीकारतच नाहीत आणि स्वतःच्या बॅटरीवरच राहून संपतात. २ केव्हीएवाल्या सदस्यांनी अजून पूर्ण मान्य केलेले नाही, पण गेल्या दोन पावसाळ्यांत एकही रात्र रेकॉर्डिंगशिवाय गेलेली नाही.

यूपीएसच्या सॉकेटवर एक चिठ्ठी चिकटवली आहे: येथे दुसरे काही लावू नये. बँकेत असताना संगणकाच्या यूपीएसवर कुणीतरी चहाची किटली लावली आणि ऐन गर्दीच्या वेळी सगळे काउंटर बंद पडले, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. किटली हजार वॅटच्या पुढे घेते. लेझर प्रिंटरही तसाच, तापताना एकदम मोठा घोट घेतो.

बॅटरीची देखभाल

यूपीएसच्या सीलबंद बॅटऱ्या २५ अंश तापमान धरून बनवलेल्या असतात. त्यावर दर दहा अंशांनी आयुष्य जवळपास निम्मे होते. बंद कपाटात किंवा पश्चिमेच्या उन्हाच्या भिंतीला यूपीएस ठेवला तर दोन वर्षेही निघत नाहीत. दर तीन महिन्यांनी एकदा मेन स्विच बंद करून किती वेळ चालतो ते घड्याळ लावून पाहावे आणि वेळ कागदावर लिहून यूपीएसलाच चिकटवावा. सुरुवातीच्या वेळेच्या निम्म्यावर आला की बॅटरी बदलायची वेळ झाली. लांब गावाला जाताना रिकामी बॅटरी तशीच सोडू नये, भरून मग बंद करावी. जुनी शिशाची बॅटरी कचऱ्यात टाकू नका. दुकानदार ती परत घेतो आणि नव्या बॅटरीत वजावटही देतो.

वॅटमीटर वाचनालयातल्या काचेच्या कपाटात ठेवला आहे. नोंदवहीत नाव लिहून सही करून घेऊन जावा आणि आठवड्यात परत आणून द्यावा. अडॅप्टरवरचे आकडे वाचता येत नसतील तर अडॅप्टरच घेऊन रविवारी सकाळी कार्यालयात यावे, आम्ही दहा ते बारा तिथे असतो.